उजवा कण

औषध तपासायच्या यंत्रावर उलटा आकडा सलग तिसऱ्यांदा आला आणि बाईंचा तोल सुटला.

"काका, भांडं धुतलंत की नुसतं पाणी दाखवलंत?"

भांडी धुणारे काका खाली मान घालून उभे राहिले. "धुतलं होतं, बाई."

बाई बनवत त्या औषधाचे रेणू दोन तऱ्हांचे, जणू डावा आणि उजवा हात. एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. डावा फिट थांबवायचा, उजवा डोळे घालवायचा. दाट द्रावणात डाव्या स्फटिकांची चिमूट टाकली की डावेच स्फटिक धरायचे. पण उजव्याचा एक कण जरी आत पडला, तरी सगळी मेहनत पाण्यात. अख्ख्या कारखान्यात हे काम एकट्या बाईंना जमायचं.

टाकाऊ उजवा माल शेजारच्या खोलीत नेऊन ठेवायचं काम काकांचं. मग संशय दुसऱ्या कुणावर घ्यायचा? बाईंनी लेखी तक्रार केली. काकांची अठरा वर्षांची नोकरी एका कागदावर गेली.

साहेबांनी खोली पुसून घेतली, सगळ्यांना नवे कोट दिले. पुढचा माल शंभर टक्के डावा निघाला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" बाई ज्याला त्याला सांगत सुटल्या.

महिन्याभराने घरी जुना कोट धुवायला काढला, तर बाहीच्या दुमडीत पांढरी भुकटी. शेजारच्या खोलीत बाई एकदाच गेल्या होत्या, घाईघाईत, नमुना घ्यायला. अंगात हाच कोट होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी भुकटी यंत्रात तपासली. उजवी.

तशाच त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी होती. काकांना परत बोलवा. मला काढा."

साहेबांनी चष्मा काढला.

"मला माहीत होतं, बाई. जाताना काकाच सांगून गेले. बाईंच्या बाहीला काहीतरी लागलंय, सगळ्यांना नवे कोट द्या. पण त्यांना कळू देऊ नका, म्हणाले."

"का?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, 'बाई मनाला लावून घेतील, काम सोडून जातील. माझ्या नातीची फिट त्यांच्याच औषधाने थांबते.'"