झग्याचा काठ

काचेच्या पेटीतला पांढरा झगा बघून नात कुजबुजली, "आजोबा, काठाची तुरपाई किती वाकडी! ही तुमच्या हातची नव्हे."

"खुद्द पोपांच्या हातची," ओरेस्ते शिंपी म्हणाला. झगा त्याने शिवला होता; पेटीवर शिंपी म्हणून त्याचंच नाव होतं. तो घालणाऱ्या दिवंगत पोपांना कालच संतपद मिळालं होतं.

नव्या पोपची निवड व्हायच्या आधी, रिवाजाप्रमाणे, ओरेस्तेने लहान, मध्यम, मोठा असे तीन झगे शिवून ठेवले होते. निवडून आले ते इतके बुटके, की लहान झगाही त्यांच्या पायांत घोळत होता. बाहेर चौकात लाखभर लोक ताटकळलेले, आणि घाईत ओरेस्तेला सुईत दोराच ओवता येईना.

"आण इकडे," पोप हसून म्हणाले. "माझी आई लोकांचे कपडे शिवायची. काठ मीच दुमडायचो." आणि स्टुलावर बसून त्यांनी स्वतः तुरपाई घातली.

"मग इथे तशी पाटी लावायला सांगा ना," नात म्हणाली. "लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत!" ओरेस्तेने छाती पुढे काढली. "संताची तुरपाई ज्याच्या नावावर खपते, असा दुसरा शिंपी दाखव मला."