डाव्या पाट्याजवळचा गंज

बाबांचे दोन पाय तेवढे पिकअपखालून बाहेर दिसत होते. खालून तारेच्या ब्रशची खरखर येत होती आणि मधूनच, गुडघा दुमडावा लागला की, त्यांचं कण्हणं. बाजूला काळ्या रंगाचा डबा उघडून ठेवलेला. थोरल्या लेकीने खिडकीतून ते सगळं पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

गाडी मासळीची. बंदरावरून बाजारापर्यंत रोज सकाळी खेप. बर्फ वितळतो, खारं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली झिरपतं आणि गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसिस, हळूहळू खात राहतं. बाबांनी ती बावीस वर्षं चालवली. त्यातली शेवटची सहा वर्षं शेजारच्या सीटवर थोरली होती. गाडी भरणं, उतरवणं, चाक बदलणं तिच्याकडे आणि लायसन्स आल्यापासून परतीच्या रस्त्याला स्टिअरिंगसुद्धा तिच्याच हातात. मग डॉक्टरांनी बाबांच्या गुडघ्याला क्लच बंद केला. तेव्हा तिने मनाचा हिय्या करून विचारलं होतं, की आता गाडी मी चालवू का? बाबा म्हणाले होते, बघू. बाबांचं ‘बघू’ म्हणजे हो की नाही, हे घरात आजवर कुणालाही कळलेलं नव्हतं. आईलाही नाही.

गंज सापडला तोही तिलाच. गेल्या महिन्यात चाक बदलताना मागच्या डाव्या पाट्याजवळ, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांजवळ, तिने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो भिजल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. बाबांना दाखवलं. त्यांनी बोट घालून तपकिरी पोपड्यांची मूठभर रास बाहेर काढली, बराच वेळ ती बघत बसले आणि म्हणाले, हिच्यात आता काही राम राहिला नाही. चार दिवसांनी जेवताना त्यांनी सांगितलं, की तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी एक माणूस गाडी बघायला येणार आहे.

तिने ताट बाजूला सारलं. सहा वर्षं कंबर मोडून काम केलं, त्याचं हे उत्तर. आई म्हणाली, अगं, नीट विचार तरी त्यांना. पण विचारायची पहिली खेप तिची झाली होती, आता दुसऱ्यांदा तोंड वाजवायला ती तयार नव्हती. आणि बाबा तर मुळातच शब्द मोजून खर्च करणारे. दोघंही एकापेक्षा एक. तीन आठवडे घरात ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे बोलणं नव्हतं. मधे दोन दिवस बाबा शेजाऱ्याला स्टिअरिंगवर बसवून गाडी कुठे तरी घेऊन गेले, तेव्हाही तिने कुठे म्हणून विचारलं नाही. गाडीकडे ती फिरकलीच नाही.

आणि आता हा काळा रंग. जुन्या गाड्या विकणारे काय करतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. गंजावरच काळ्याचा एक हात मारायचा, घेणाऱ्याला सगळं चकचकीत दिसतं. गाडी विकायला काढली याचं दुःख होतंच. पण पाटीत एक मासळी नरम निघाली तरी आपणहून सांगणारा हा माणूस असलं काही करतोय, हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

रविवारी चौकड्याच्या शर्टातला एक माणूस आला. गाडीभोवती फिरला, टायर बघितले, वाकून टॉर्च मारला. थोरली हातोडी घेऊनच बाहेर आली.

“काका, या रंगावर जाऊ नका,” ती म्हणाली. “आतून कुजलीय गाडी. थांबा, दाखवते.”

बाबा काही बोलणार, तोवर ती गोणपाट टाकून गाडीखाली सरकलीसुद्धा.

डावा पाटा. त्याच्या मागे वीतभर. तिने हातोडी हाणली आणि पोपडे तोंडावर पडणार म्हणून डोळे मिटले.

ठण्ण.

पुन्हा हाणली. पुन्हा तेच, घंटेसारखं. तिने कडेला नखाने खरवडलं. काळ्याखाली लाल प्रायमर निघाला, प्रायमरखाली स्वच्छ लोखंड. दोन तळव्यांएवढी नवी पट्टी तिथे वेल्डिंग करून बसवलेली होती. तेवढ्यात चेसिसच्या बारीक भोकातून एक गार थेंब तिच्या गालावर पडला. तिने बोटाने पुसून वास घेतला. ऑईल. सांगाड्याच्या पोकळीत, जिथे कुणी कधी टॉर्चसुद्धा मारत नाही, तिथे गंज धरू नये म्हणून बाबांनी ऑईल सोडलं होतं.

ती हलायची थांबली. विकणारा माणूस दिसतं तिथे रंग लावतो. जिथे दिसत नाही तिथे ऑईल सोडत बसायला, तेही असल्या गुडघ्याने, गाडी आपल्याच माणसाच्या हातात राहणार असावी लागते. तिला भलतंच रडू यायला लागलं. बाहेर यायची लाज वाटली, म्हणून ती तशीच पडून राहिली.

वर तो माणूस विचारत होता, की पोरगी तर गाडी कुजलीय म्हणते. बाबा म्हणाले, तिने मागच्या महिन्यातलं बघितलंय. माणूस हसला. आवाज आपणही ऐकला म्हणाला. बंदरावरच्या नव्या शीतगृहाचं काम त्याच्याकडे होतं, रोजची एक खेप, पाच वर्षांचा करार. गाडी तेवढी टिकेल का, एवढंच त्याला बघायचं होतं आणि ते बघून झालं होतं.

“पण तुम्हाला तर क्लच दाबता येत नाही म्हणता,” तो म्हणाला. “मग चालवणार कोण?”

बाबांनी गाडीखाली बोट दाखवलं.

“हे दोन पाय बाहेर दिसतायत ना,” ते म्हणाले, “ती.”