पाटोळेकाकांची लाल पेन्सिल

दुसरा परिच्छेद वाचून झाला, तरी पाटोळेकाकांची लाल पेन्सिल खिशातच होती. सरलाबाईंनी चष्म्यावरून एकदा खात्री करून घेतली आणि पुढे वाचू लागल्या.

अमेरिकेत, एडिसन गावातल्या एका चर्चचा हॉल मराठी ख्रिस्ती मंडळीला रविवारी दुपारी उपासनेसाठी मिळे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरला अमोलिक स्वतः लिहिलेलं मनन तिथे वाचत. त्याचा छापील कागद आधीच सगळ्यांच्या हातात असे. आणि दर महिन्याला, वाचन रंगात आलं की पहिल्या रांगेतले प्रताप पाटोळे लाल पेन्सिल काढत, कागदावर रेघ ओढत आणि कागदाची घडी बायबलमध्ये ठेवून देत. सात महिने हेच चाललं होतं.

नगरच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंना लाल रेघेचा अर्थ कुणी सांगायला नको होता. त्यांनी स्वतः हजारो ओढल्या होत्या. त्यात पाटोळ्यांचा जन्म कारखान्यात मालातले दोष शोधण्यात गेलेला. रिटायर झाले म्हणून खोड जाते थोडीच! एकदा कॉफी घेताना त्यांनी विचारलंही होतं, "सरलाबाई, हे सगळं तुम्ही स्वतःच लिहिता ना?" तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस कागद साठवतोय. एक दिवस सगळा गठ्ठा मंडळीच्या पाळकसाहेबांपुढे ठेवणार.

बाईंनी ठरवून टाकलं, आज पेन्सिल निघाली तर लिहिणं बंद. तशी चिठ्ठीही पर्समध्ये तयार होती. नवरा गेल्यापासून हा एक कागद सोडला तर त्यांच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं. तरीसुद्धा बंद.

मात्र या वेळी त्या ताकही फुंकून प्यायल्या होत्या. स्वयंपाकघर, दुखरे गुडघे, घरातली रडगाणी, सगळं काढून टाकलं होतं. बायबलमधली सहा वचनं घातली होती, सहाही ताडून पाहिलेली.

"आमेन," म्हणून त्यांनी कागद खाली ठेवला. पेन्सिल निघालीच नव्हती. बाई जिंकल्या होत्या.

उपासना संपताच त्या थेट पहिल्या रांगेकडे गेल्या. "काय काका, आज काही सापडलं नाही वाटतं?"

पाटोळे ओशाळले. "नाही हो. शेवटपर्यंत ट्राय केलं. एकदम परफेक्ट होतं, पण... नाही सापडलं."

तो 'पण' बाईंना झोंबला. "बघू ते जुने कागद," म्हणत त्यांनी वर्गात कॉपी पकडल्यासारखा हात पुढे केला. काकांनी बायबल दिलं.

पानापानांवर आवडत्या वचनांखाली लाल रेघा होत्या. पेन्सिल तीच.

"मनाला भिडलं की खूण करतो," काका म्हणाले. "घरी गेल्यावर बायकोला वाचून दाखवतो. शुभाला आता बाहेर पडता येत नाही ना. दारातच विचारते, सरलाबाईंचं आज काय आणलंत?"

बाईंनी घड्या उलगडल्या. मार्चच्या कागदावर रेघ होती ती या वाक्याखाली: 'गुडघे टेकले, पण उठताच येईना, मग मुलगा येईपर्यंत प्रार्थना लांबवली.' मेच्या कागदावर: 'हे गेल्यावर सहा महिने मी प्रभूशी अबोला धरला होता.' सातही रेघा असल्याच वाक्यांखाली होत्या. आज नेमकं हेच सगळं त्यांनी गाळलं होतं. आजच्या कागदावर एकही रेघ नव्हती.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पर्समधली चिठ्ठी काढून उलटी केली, काकांकडून पेन्सिल मागून घेतली आणि लिहिलं, 'शुभाकाकू, सात महिने मी काकांच्या या पेन्सिलीला भीत होते.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल परत मागितली आणि त्याखाली रेघ ओढली.