बेमाप खुर्ची

धाकटीने पटाशी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. खुर्ची आज आणखी रुंद झाली होती.

तिचं काम असंच चालायचं. कागदावर काही काढायचं नाही, टेप लावायची नाही. लाकूड समोर घ्यायचं आणि हात नेईल तिकडे जायचं. हा बुंधा आणला तेव्हा तिच्या मनात उंच पाठीची, सडपातळ खुर्ची होती. पण तासता तासता पाठ खाली उतरली, बैठक ऐसपैस झाली आणि खुर्चीचे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला झुकले. तिने दोनदा आवरायला बघितलं. लाकूड ऐकेना, की हात ऐकेना, कोण जाणे.

"आत येऊ का?" दारात ताई उभी होती. जिना चढून दम लागलेला.

"ये ना. बस."

"नको, उभीच बरी. बसले की तुझं स्टूल जायचं आणि वर मलाच उचलायला चार माणसं."

स्वतःच्या अंगावरचा विनोद ताई नेहमी आधी स्वतःच करून टाकायची. दुसऱ्यांना काही शिल्लक ठेवायची नाही.

मग तिला खुर्ची दिसली. तिने एक फेरी मारली. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत वीत टाकत गेली. शेवटची वीत टाकून तशीच थांबली.

"कुणाची ऑर्डर?"

"कुणाचीच नाही. होत गेली अशी."

"माझं माप कधी घेतलंस?"

आवाजात विनोद नव्हता. धाकटीला एकदम कळलं, गेले कित्येक दिवस आपण काय तासत होतो ते.

"ताई, मी मापं घेतच नाही."

"मग डोळ्यांनी घेतलंस. त्या दिवशी हॉलमध्ये."

त्या दिवशी भाषणं संपली आणि ताई उठली, तर प्लास्टिकची खुर्चीही तिच्याबरोबर उठली. लोक हसले. ताई सगळ्यांत मोठ्याने हसली. मी तर बघितलंच नव्हतं, मान फिरवली होती, हे धाकटीच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

"तोडून टाक," ताई म्हणाली. "येणारा-जाणारा विचारेल, एवढी कुणासाठी? काय सांगशील?"

"एकदा बसून बघ. मग तूच तोड. कुऱ्हाड त्या कोपऱ्यात आहे."

ताईने कुऱ्हाडीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग रागारागात बसली. बसली म्हणजे टेकली. काठावर, पाय जमिनीत रोवून, अर्धा भार गुडघ्यांवर. कान लाकडाकडे. कुठेतरी करकर होणारच.

लाकूड गप्प होतं.

"बघतेस काय?"

"बघतेय," धाकटी म्हणाली. या वेळी तिने मान फिरवली नाही.

ताई बोटभर मागे सरकली. थांबली. आणखी सरकली. पाठ टेकली तेव्हा तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तो तिने खोकून झाकला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून पाहिले. कोपरांना जागा होती.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"इथे डावीकडे टोचतंय जरा," ताई म्हणाली.

धाकटीने कानस उचलली. "ऊठ मिनिटभर. घासून देते."

"असू दे. नंतर बघ."

ताईने खाली वाकून चपला काढल्या. एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि भर दुपारी, खुर्चीत, चक्क मांडी घालून बसली.