चौदा तेवीस

मिस्त्रीने ऐरणीवर चौदा बिल्ले ओळीने मांडले. पत्र्याचे, तळहाताएवढे, मातीने भरलेले. चौदाही बिल्ल्यांवर एकच आकडा ठोकलेला होता : तेवीस.

"यातली तुमची आई कुठली, साहेब?"

आरोग्य अधिकारी दुकानाच्या दारातच थबकला. त्याच्या हातात दवाखान्याची चिठ्ठी होती, तिच्यावरही तेवीसच लिहिलेलं होतं. आई गेली त्या दिवशी तो वरच्या कचेरीत होता, साथ आटोक्यात आल्याचं सांगायला. उद्या धाकटी बहीण परदेशातून येणार होती आणि आईला कुठं पुरलंय ते तिला दाखवायचं होतं. पण पुरण्याच्या मैदानावर त्यानेच रोलर फिरवून घेतला होता. खुंट्या उपटल्या, त्यांच्यावरचे बिल्ले पोत्यात भरून भंगारात काढले. भंगार फिरून मिस्त्रीच्याच दुकानात आलं.

कोपऱ्यात एका खोक्यावर गणतीवाली बाई बसली होती. पटकीने खरी किती माणसं गेली, त्याचा अंदाज काढायला तिला बाहेरून पाठवलं होतं. पाच दिवस ती दारोदार विचारत होती. लोक सातशे म्हणत, हजार म्हणत. कागद अठ्ठेचाळीस म्हणत होता. लोकांच्या बोलण्यावर कुणाची सही नसते. कागदावर साहेबांची होती.

"बाईंना जरा बाहेर बसू द्या," अधिकारी म्हणाला. "आपलं घरगुती बोलणं आहे."

"त्यांनीही पाच दिवस घरगुतीच ऐकलंय, साहेब. बसू द्या."

"मिस्त्री, मला फक्त जागा सांगा."

"सांगतो की. पण तुमच्या यादीत आई वार्धक्याने गेल्या. वार्धक्याने गेलेल्याला माझा बिल्ला कसा लागला, तेवढं समजलं नाही."

अधिकाऱ्याने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

मिस्त्री बाईकडे वळला. "साहेबांचा निरोप आला, एक ते पन्नास बिल्ले करा. केले. ते संपले, शिपाई परत दारात. मी म्हटलं, आता एक्कावन्नपासून ना? तर म्हणे नाही, पुन्हा एकपासून. असं चौदा वेळा झालं. आकडा काही पन्नासाच्या वर चढला नाही. साथीला आवरावं तर असं."

"हे तुम्ही म्हणताय," अधिकारी म्हणाला.

"तर काय. पत्रे ठोकणाऱ्याचा शब्द कोण धरतो? म्हणून दर खेपेला आकड्याखाली टिंबं ठोकत गेलो. पहिल्या पन्नासाला एक, दुसऱ्याला दोन. पन्नासांची एक ओळ. कुठली ओळ कुठून सुरू झाली ते मला ठाऊक आहे, बिल्ले पोचवायला मीच जायचो."

अधिकारी ऐरणीवर वाकला. माती नखाने खरवडून त्याने एक बिल्ला पाहिला. तीन टिंबं. दुसरा पाहिला. अकरा.

"आई अकरा तारखेला गेली. तेव्हा कितवी ओळ चालू होती?"

"ते तुम्ही सांगायचं. मागणीची चिठ्ठी तुमच्याच टेबलावरून निघायची."

"बहिणीला मी काय दाखवू, मिस्त्री?"

"मैदान दाखवा. मोठं आहे."

मग मिस्त्रीने खिशातून एक बिल्ला काढला. हा घासूनपुसून स्वच्छ केलेला होता. "हा दुसऱ्या ओळीतला नऊ. सकाळी मी हा ठोकला तेव्हा आमची ही आतल्या खोलीत केस विंचरत होती. ठोकाठोकीने डोकं उठलं म्हणून माझ्यावर करवादली. संध्याकाळी हा तिच्याच उशाशी लागला. यादीत काय लिहिलंत? अशक्तपणा. अहो, भरलेली बादली एका हाताने जिन्यावर न्यायची ती." त्याने बिल्ला परत खिशात टाकला. "मी कुणापुढे रडलो नाही. देवाला एवढंच म्हटलं, तुला मोजता येतं, तुला बिल्ले लागत नाहीत. या माणसाला मोजायला लाव. माझं दुसरं मागणं नाही."

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

अधिकाऱ्याने एकेक बिल्ला खरवडला. आठ टिंबांचा सापडला तेव्हा त्याचा हात थांबला.

"आठवी," तो म्हणाला. "आठव्या पन्नासाच्या चिठ्ठीवर मी दहा तारखेला सही केली होती."

बाईची पेन्सिल चालायला लागली.

"आठवी ओळ, तेवीस," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे सगळ्यांत मिळून कितव्या?"

अधिकाऱ्याचे ओठ हलले.

"जरा मोठ्याने, साहेब. पत्रा ठोकून ठोकून कान गेलेत माझे."

"तीनशे त्र्याहत्तर."

बाईने आकडा लिहिला आणि वही त्याच्यापुढे धरली. त्याने सही केली. मग आईचा बिल्ला शर्टाच्या बाहीने पुसला आणि मुठीत धरून दाराकडे वळला. "चला. आता जागा दाखवा."

मिस्त्री उठला. पण दाराकडे न जाता त्याने भिंतीशी ठेवलेलं पोतं ओढत आणलं आणि अधिकाऱ्याच्या पायाशी उपडं केलं. बिल्ले उंबऱ्यापर्यंत पसरले. मग पायानेच एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा साहेब. आईच्या मागून गेलेले तीनशे सत्तावीस राहिलेत."