बाबांसमोर नको

फ्रिजच्या दारावर जिथे कागद होता तिथे आता नुसता उजळ चौकोन उरला होता. रविवारी दुपारी जेवणं उरकली, सून भांड्यांच्या ढिगासमोर उभी राहिली आणि तिची नजर पुन्हा त्या चौकोनावर गेली. भांडी, कपडे, केर, स्वयंपाक, सगळं त्या कागदावर होतं आणि प्रत्येक कामापुढे एक ठिपका होता. निळा तिचा, लाल नवऱ्याचा. रविवारच्या भांड्यांपुढे लाल होता. चांगला ठसठशीत, लेकीने स्वतः रंगवलेला.

सासू-सासरे परदेशातून यायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने तो कागद काढून खणात टाकला होता. "सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला होता. "बाबांसमोर नको. त्यांना काय वाटेल?"

बाबांना काय वाटेल! तिला काय वाटेल, हा प्रश्न त्या भल्या माणसाला पडलाच नव्हता. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, परक्यांच्या चुका आपल्या पायाने आवरायच्या. आणि घरी यावं तर, महिन्यापूर्वी गपचूप भाजी चिरणारा नवरा सोफ्यावर तंगड्या पसरून विचारणार, "आज जेवायला काय आहे गं?" तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते तिला ब्रेक दाबून सुजलेल्या पायामुळे रोज कळत होतं.

आताही बाहेर बाप-लेक मॅच बघत बसले होते. आवाज आला, "अगं, जरा पाणी आण. बाबांनाही."

तिने पाणी नेऊन दिलं. परत आली तर सासूबाई बाह्या सरसावून तिच्या जागेवर उभ्या.

"तू बस. मी घासते."

तीन आठवडे ती त्यांना भांड्यांना हात लावू देत नव्हती. आज मात्र नको म्हणायचंही त्राण नव्हतं. ती स्टुलावर टेकली. सासूबाईंनी एका पिशवीतून रबरी हातमोजे काढले आणि चढवले. हातमोजे एवढे मोठे, की बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. पहिली ताटली धुतली, दुसरी निसटली आणि फरशीवर पडून तिचे चार तुकडे झाले.

"काय फुटलं?" बाहेरून दोघांनी एका सुरात विचारलं. उठलं मात्र कोणी नाही.

सून तुकडे गोळा करायला वाकली. "आई, हे हातमोजे कोणाचे? तुमच्या मापाचे नाहीत."

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "यांचे."

"बाबांचे?"

"अकरा वर्षं झाली, भांडी हेच घासतात. माझं मनगट मोडलं तेव्हापासून. साबणाने यांच्या हातांना भेगा पडतात, म्हणून हे लागतात. निघताना आठवणीने बॅगेत टाकले यांनीच."

"मग इथे?"

"आलो त्या दिवशी जेवण झाल्यावर उठले होते गं. हातमोजे बाहेरसुद्धा काढले. बघतात तर पोरगा जागचा हलत नाही. मला म्हणाले, याच्या घरची रीत निराळी दिसते. त्याच्यासमोर नको. त्याला काय वाटेल?"

सून तुकडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. आधी तिला हसू आलं, मग रडू, आणि मग दोन्ही बाजूला सारून असा संताप आला की हातातले तुकडे पुन्हा आपटावेसे वाटले. तिने ते ओट्यावर ठेवले, खण उघडला, जुन्या बॅटऱ्यांखालचा कागद ओढून काढला आणि सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. ओल्या रबरी बोटाने एकेक ओळ वाचत खाली आल्या.

"लाल कोण?"

"तुमचा मुलगा."

त्या पुन्हा वरपासून वाचू लागल्या. लाल ठिपके मनाशी मोजले. त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"म्हणजे बाप बसला म्हणून लेक बसला," त्या म्हणाल्या, "आणि लेक बसला म्हणून बाप. आणि उभ्या कोण? आपण!"

त्यांनी नळ बंद केला. हातमोजे काढले, कागद घेतला आणि तरातरा बाहेर गेल्या. सून मागोमाग गेली. सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

"अगं आई, शेवटची ओव्हर चाललीय!"

त्यांनी कागद टीपॉयवर उलगडला, त्याच्यावर ते हातमोजे ठेवले. पाणी निथळून कागदावर लाल रंग पसरू लागला. नवऱ्याचा चेहरा उतरला. सासरे घाईघाईने म्हणाले, "अगं, हे कशाला इथे आणलंस? पोरासमोर..."

"ज्याच्या हाताला बसतील," सासूबाई म्हणाल्या, "त्याने उठावं. आम्हाला दोघींना बसायचंय."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने बापाकडे. मग दोघांचीही नजर टीपॉयवरच्या हातमोज्यांवर आली.

बाप-लेकाचे हात एकाच मापाचे होते.