हार्म्सांचे जाकीट

ओक्को ओल्टमन्स यांनी गावातली घरे उबदार ठेवायला कोळशाच्या भट्ट्या बसवल्या, त्यांचे चिरंजीव म्हणजे माझे यजमान हाब्बो यांनी तेलावरचे बंब, आमच्या मुलाने, रेन्टने गॅसचे, आणि रेन्टचा येल्टो आता विजेवरचे हीट पंप बसवतो.

ऑक्टोबरात शेजारगावच्या, आमच्याच धंद्यातल्या हार्म्सांची नात वीब्के चहाला आली. "ओल्टमन्सबाई, पंप येऊन पडलेत, घरोघरचे जुने बंब काढून झालेत, आणि माझा एकुलता कारागीर शहरातल्या कंपनीनं पळवला. लोक गारठ्यात बसलेत हो."

"मग गिऱ्हाइकं आमच्याकडे पाठव की!" येल्टो हसला.

"येल्टो," मी म्हणाले, "उद्यापासून तू हिच्याकडे कामाला जायचंस. हिच्या दुकानाचं जाकीट घालून."

"आजी! ओल्टमन्सांच्या पोरानं पाठीवर हार्म्सांचं नाव मिरवायचं?"

फार वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात रोज संध्याकाळी आमच्या दारात तेलकट कोट काढून ठेवणारे एक गृहस्थ मला अजून दिसतात.

"हाब्बो गेले, तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता. तो सबंध हिवाळा हिचे आजोबा पाठीवर ओल्टमन्स नाव असलेला कोट घालून आपल्या दुकानाची कामं करत होते. आपल्याकडे माणूसच उरला नाही, हे त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला कळू दिलं नाही."

नाताळच्या आदल्या दिवशी वीब्केचे शेवटचे घर उबदार झाले. घरमालकीण तिला म्हणाली, "तुमचा नवा माणूस फार गुणी आहे हो!"